पिकअप सेल्फ मारते पण चालू होत नाही: पंप खोलायच्या आधी काय काय बघायचं

पिंपळगाव-निफाड पट्ट्यात पिकअपची कामं करतो, आणि टोमॅटो, द्राक्षं, कांदा असा सीझन सुरू असला की पहाटेचे फोन बहुतेक एकाच गोष्टीचे येतात, मिस्त्री गाडी चालू होत नाहीये. माल भरलेला असतो, वाशीला मार्केटच्या टायमाला पोचायचं असतं, मग ड्रायव्हर घाईघाईत सेल्फ मारत सुटतो, बॅटरी उतरवून टाकतो आणि जिथे एक बिघाड होता तिथे दोन होतात. त्यात कुणीतरी शेजारी उभा राहून सांगतो की डिझेलचा पंप गेला, नोझल (डिझेल फवारणारे इंजेक्टर) गेले. पंप आणि नोझल जातात, नाही असं नाही, पण माझ्याकडे येणाऱ्या बहुतेक गाड्या त्याच्या खूप अलीकडेच सापडतात, टर्मिनल, अर्थिंग, फिल्टर, एखादा वॉशर. पंप खोलायचा खर्च आणि वॉशरचा खर्च यात किती फरक आहे ते सांगायला नको, म्हणून हे जरा सविस्तर लिहितोय.

हे सगळं १२ व्होल्टच्या डिझेल पिकअपसाठी आहे, एक-दीड टनाच्या नेहमीच्या गाड्या. आधी एवढं माहीत पाहिजे की तुमची गाडी जुन्या मेकॅनिकल पंपाची आहे की ईसीएमवाली कॉमन रेल, म्हणजे जिथे सगळ्या इंजेक्टरना एकाच प्रेशरच्या पाईपमधून (रेल) डिझेल जातं आणि ते कधी सोडायचं हे ईसीएम, इंजिनचा कॉम्प्युटर, ठरवतो. १ एप्रिल २०२० नंतरची बीएस-६ असेल तर कॉमन रेलच धरा. त्याआधीच्या गाडीत बॉनेट उघडून बघा, इंजेक्टरच्या डोक्यावर वायरचे कनेक्टर असतील तर कॉमन रेल, नुसते लोखंडी पाईप असतील तर जुना पंप. खाली बऱ्याच ठिकाणी दोघांची पद्धत वेगळी आहे आणि एका ठिकाणी तर हा फरक जिवावर बेतणारा आहे.

आधी लक्षण नीट ओळखा

डिझेल इंजिनला स्पार्क प्लग नसतो. हवा दाबून ती इतकी तापवायची की फवारलेलं डिझेल आपोआप पेटलं पाहिजे, एवढंच त्याचं काम. म्हणजे तीनच गोष्टी लागतात: इंजिन पुरेशा वेगाने फिरलं पाहिजे, डिझेल वेळेवर आणि प्रेशरने आत गेलं पाहिजे, आणि हवा नीट दाबली गेली पाहिजे. यातली कुठली कमी पडतेय ते चावी फिरवल्यावर कानाला आणि सायलेन्सरकडे बघून बऱ्यापैकी कळतं. एक माणूस चावीवर बसवा, तुम्ही मागे उभे राहा.

चावी फिरवली, काहीच नाही, मीटरच्या लाईटपण नाहीत: बॅटरी, टर्मिनल किंवा मेन फ्यूज.

लाईट आहेत पण सेल्फ नुसता टकटकटक करतो: बॅटरी उतरलेली किंवा टर्मिनल लूज. एकदाच जोरात टक करून गप्प बसतो: सेल्फचे कॉन्टॅक्ट नाहीतर कार्बन (आत करंट पोचवणारे घासले जाणारे ब्रश) संपलेत, क्वचित इंजिनच जाम असतं.

घुर्रर्र... घुर्रर्र... असा रडत फिरतो: करंट कमी पोचतोय. नव्या लोकांना वाटतं फिरतंय ना मग चालू व्हायला पाहिजे, पण हळू फिरलं की दाबलेल्या हवेतली गरमी सिलेंडरच्या भिंतीत जिरून जाते आणि डिझेल पेटत नाही, शिवाय ईसीएमला पुरेसा व्होल्टेज मिळत नाही.

सेल्फ एकटाच सुसाट पळतो, इंजिन हलत नाही: बेंडिक्स (सेल्फला इंजिनशी जोडणारं दातेरी चाक) घसरतोय किंवा फ्लायव्हीलच्या रिंगचे दात गेलेत.

इंजिन मस्त फिरतंय, धूर अजिबात नाही: डिझेल पोचत नाही. फिरतंय आणि पांढरा धूर येतोय: डिझेल पोचतंय पण पेटत नाही. हे दोन वेगळे रोग आहेत आणि धूर न बघता काम सुरू केलं की अर्धा दिवस वाया जातो.

चालू होऊन पाच-दहा सेकंदांत बंद: बहुतेक वेळा एअर, म्हणजे डिझेलच्या लाईनमध्ये शिरलेली हवा, नाहीतर चोक झालेला फिल्टर, किंवा इमोबिलायझर (ओळखीची चावी नसेल तर गाडी अडवणारी यंत्रणा).

आणि एक लक्षण ज्याला मी सगळ्यात जास्त घाबरतो, ते म्हणजे इंजिन एकदम हलकं, नेहमीपेक्षा भराभर, एकसारख्या आवाजात फिरणं. नेहमी कसं घुप घुप असा दाबाचा ठोका कानाला लागतो, तो गायब असतो. टायमिंग बेल्ट किंवा चेन तुटली असेल तर असं होतं. तिथे दुसऱ्यांदा चावी फिरवायची नाही, पिस्टन व्हॉल्व्हला धडकतो आणि हेडचं काम निघतं.

फुकटात होणाऱ्या गोष्टी

टाकीत डिझेल आहे का. काट्यावर विश्वास ठेवू नका, फ्लोट अडकतो आणि काटा पाव टाकी दाखवत राहतो. त्यात गाडी चढावर तोंड करून लावलेली असेल आणि डिझेल कमी असेल तर आतल्या पाईपच्या तोंडाला डिझेलच लागत नाही. पाच लिटर टाकून बघण्याएवढं स्वस्त काम दुसरं नाही.

टाकीचं झाकण उघडा. उघडताना स्स्स करून हवा आत ओढली गेली तर झाकणाचं श्वासाचं भोक धुळीने बुजलंय, टाकीत व्हॅक्यूम तयार होतो आणि पंपाला डिझेल ओढवत नाही. झाकण सैल ठेवून सेल्फ मारा, चालू झाली तर रोग सापडला.

क्लच पूर्ण दाबा. बऱ्याच नव्या गाड्यांत क्लचचा स्विच असतो, पेडल शेवटपर्यंत गेलं नाही तर सेल्फच लागत नाही, आणि पेडलखाली मॅट गोळा झाली तरी एवढ्यावर गाडी अडते. जुन्या गाडीत स्टॉपचा नॉब ओढलेला राहिलाय का बघा. मीटरवर इमोबिलायझरचा दिवा मिचमिचत असेल तर दुसरी चावी लावून बघा.

अजून एक, हे मॅन्युअलमध्ये मिळणार नाही. फायनान्सच्या किंवा भाड्याच्या गाडीला जीपीएस ट्रॅकर लावलेला असतो आणि त्यासोबत गाडी लांबून बंद करायचा रिले वायर तोडून मध्ये जोडलेला असतो. तो रिले सडला किंवा त्याचे टेपचे जोड लूज झाले की गाडी मध्येच मरते किंवा चालूच होत नाही, आणि सगळे पंपाच्या मागे लागतात. डॅशबोर्डखाली हात घालून असा काही डबा आहे का बघा आणि असेल तर मिस्त्रीला ते आधी सांगा.

बॅटरी, टर्मिनल आणि अर्थिंग

हेडलाईट चालू करून सेल्फ मारा आणि समोर बघा. लाईट पूर्ण विझली तर टर्मिनलचा कॉन्टॅक्ट जातोय. फारच मंद झाली तर बॅटरी कमजोर आहे. लाईट जशीच्या तशी राहिली आणि सेल्फ लागला नाही तर करंट सेल्फपर्यंत जातच नाही, म्हणजे रिले, चावीचा स्विच किंवा सेल्फची वायर. एका पैशाचा खर्च नाही आणि अर्धं निदान इथे होतं.

टर्मिनल वरून स्वच्छ दिसतं म्हणून सोडू नका. खोलून बॅटरीच्या खांबाला जिथे चिकटतं ती आतली बाजू बघा, तिथे काळपट राखाडी थर असतो, नखाने खरवडला तर पावडर निघते. तेवढा थर मीटरच्या लाईटना करंट जाऊ देतो कारण त्यांना थोडासाच लागतो, सेल्फला शेकडो अँपिअर लागतात, तिथे तो अडवतो. म्हणून लाईट लागते पण सेल्फ लागत नाही. गरम पाण्यात खायचा सोडा टाकून धुवा, पॉलिश पेपर मारा, घट्ट करा, वरून व्हॅसलिन लावा. खोलताना निगेटिव्ह आधी काढायचा आणि लावताना शेवटी, म्हणजे पाना बॉडीला टेकला तरी शॉर्ट होत नाही.

मल्टिमीटर घेऊन ठेवा, साधा चालतो. रात्रभर उभ्या गाडीच्या बॅटरीला १२.६ व्होल्ट म्हणजे फुल्ल, १२.२ म्हणजे साधारण अर्धी, १२ च्या खाली म्हणजे जवळपास उतरलेली. पण खरी परीक्षा सेल्फ मारताना. त्या वेळी बॅटरीवर ९.६ च्या खाली गेलं तर बॅटरी थकलीये, चार्ज करून एकदा परत बघा आणि तरी तेच असेल तर बदला. गाडी चालू झाल्यावर १३.८ ते १४.५ यायला पाहिजेत, नसतील तर अल्टरनेटर चार्ज करत नाही आणि नवी बॅटरी टाकूनही दोन दिवसांत तोच फोन येणार.

आता अर्थिंग, हे बहुतेक जण विसरतात. इंजिन रबराच्या माउंटिंगवर बसलेलं असतं, रबरातून करंट जात नाही, म्हणून इंजिन आणि चेसिसमध्ये वेणीसारखी तांब्याची पट्टी असते. पावसाळा, चिखल, खताची पोती, कांद्याचं पाणी यात ती हिरवी पडून सडते. मग सेल्फचा करंट परत जायला दुसरी वाट शोधतो, आणि जुन्या गाडीत ती वाट म्हणजे क्लचची किंवा ॲक्सिलेटरची केबल. सेल्फ मारल्यावर केबल गरम लागली, तिचं रबर वितळल्याचा वास आला तर शंभर टक्के अर्थिंग. मीटरने बघायचं तर एक टोक बॅटरीच्या निगेटिव्हला, दुसरं इंजिनच्या उघड्या लोखंडाला, आणि सेल्फ मारा. अर्धा व्होल्टपेक्षा जास्त दाखवलं तर पट्टी बदला आणि तिची बसायची जागा घासून चकचकीत करा. तशीच परीक्षा पॉझिटिव्ह बाजूला, बॅटरीचा पॉझिटिव्ह ते सेल्फचा मोठा बोल्ट.

जंप देताना दोन गोष्टी. पहिली, मोठ्या ट्रकची सिस्टीम बहुतेक २४ व्होल्टची असते, हायवेला मदतीला थांबलेल्या ट्रककडून जंप घेऊ नका, ईसीएम जळाला तर बॅटरीच्या कितीतरी पट बिल येईल. कार, दुसरी पिकअप किंवा ट्रॅक्टर, म्हणजे १२ व्होल्टवालंच घ्या. दुसरी, लाल वायर दोन्ही पॉझिटिव्हना, काळी आधी मदतवाल्या गाडीच्या निगेटिव्हला आणि शेवटचं टोक आपल्या इंजिनच्या लोखंडाला, बॅटरीच्या निगेटिव्हला नाही, कारण बॅटरीतून हायड्रोजन निघतो आणि तिथे ठिणगी पडली तर बॅटरी फुटते.

सेल्फ एका वेळी दहा सेकंदांपेक्षा जास्त मारायचा नाही आणि मध्ये निदान अर्धा मिनिट थांबायचं. नाहीतर सेल्फचं आर्मेचर (आतली फिरणारी गुंडाळी) जळतं. करंट चांगला पोचतोय आणि तरी एकच टक येतोय, तर सेल्फच्या बॉडीला पान्याच्या दांड्याने हलकं ठोकून दुसऱ्याला चावी फिरवायला सांगा, लागला तर कार्बन संपलेत. एवढ्यावर मार्केट गाठता येतं, पण संध्याकाळी वायरमनकडे जायचंच.

फ्यूज-रिले बघताना त्याच नंबरचा हॉर्नचा रिले काढून मेन रिलेच्या जागी लावून बघा. फ्यूज परत परत उडत असेल तर वायर कुठेतरी बॉडीला लागतेय. कांद्याच्या चाळीजवळ किंवा चाऱ्याच्या गंजीजवळ लावलेल्या गाडीत उंदरांनी वायरिंग कुरतडलेलं हमखास सापडतं. फ्यूजच्या जागी तार लावू नका, गाड्या जळतात त्या अशाच.

एअर आणि पाणी

इंजिन चांगलं फिरतंय, धूर नाही, म्हणजे डिझेलचा रस्ता. माझ्याकडे सगळ्यात जास्त वेळा इथेच सापडतं.

आधी फिल्टरच्या खालचा ड्रेन स्क्रू सैल करून काचेच्या बाटलीत डिझेल घ्या आणि पाच मिनिटं ठेवा. पाणी तळाला बसतं, मध्ये रेघ दिसते. ड्रममध्ये साठवलेलं डिझेल, पावसाळ्यात उघडं राहिलेलं टाकीचं झाकण, ही त्याची कारणं. रस्त्याकडेला बायोडिझेल म्हणून स्वस्तात जे काही विकतात ते तर टाकूच नका, कारण पंपाच्या आतल्या बहुतेक भागांना ऑईल वेगळं नसतं, डिझेलच त्यांचं वंगण, त्यात पाणी किंवा सॉल्व्हंट आलं की पंप घासून मरतो. पाणी निघालं तर स्वच्छ डिझेल येईपर्यंत काढा, फिल्टर बदला आणि टाकी पण साफ करा, नाहीतर आठवड्यात परत तेच.

त्याच बाटलीत डिझेल उन्हात धरून हलवून बघा. चांदीसारखी चमक फिरताना दिसली तर थांबा. पंपाचं लोखंड झिजून पुढे चाललंय. अशा वेळी नुसता फिल्टर बदलून सेल्फ मारत बसलात तर ते कण इंजेक्टरमध्ये जातात. ते काम पंपवाल्याचं, टाकीपासून रेलपर्यंत सगळं धुवावं लागतं.

आता एअर. रात्री गाडी चांगली आली, सकाळी चालू होत नाही, हँडपंप मारला की होते, दुसऱ्या दिवशी परत तेच. लोक म्हणतात लिकेज असतं तर डिझेल खाली सांडलं असतं, खाली तर थेंब नाही. बरोबर आहे, पण ज्या गाडीचा पंप डिझेल टाकीतून ओढतो तिथे टाकी ते पंप या लाईनमध्ये प्रेशर नसतं, ओढ असते, त्यामुळे भोकातून डिझेल बाहेर येत नाही, हवा आत जाते. गाडी रात्रभर उभी राहिली की त्या भोकातून हवा शिरते आणि डिझेल हळूहळू टाकीत परत उतरतं, सकाळी लाईन रिकामी. टाकीतच इलेक्ट्रिक पंप असलेल्या गाडीत मात्र लाईनला प्रेशर असतं, तिथे लिकेज ओलं दिसतं आणि चावी ऑन केल्यावर मागून दोन सेकंद बारीक घूं आवाज यायला पाहिजे.

तपासायला फिल्टरवरचा हँडपंप किंवा रबरी फुगा दाबा. दाबत राहिल्यावर थोड्या वेळात तो कडक झाला पाहिजे. होतच नसेल तर डिझेल येत नाही किंवा हवा येतेय. मग फिल्टर आणि पंपाच्या मध्ये वीतभर पारदर्शक पाईप क्लिप लावून बसवा आणि सेल्फ मारून बघा. सुरुवातीचे दोन-चार बुडबुडे सोडा, पण बुडबुड्यांची माळच चालू राहिली तर हवा नक्की. कुठून येतेय ते शोधायला सगळ्यात खात्रीची पद्धत म्हणजे कॅन: स्वच्छ डिझेलचा छोटा कॅन फिल्टरपेक्षा उंच बांधा, त्यातून थेट फिल्टरला पाईप द्या. गाडी पटकन चालू झाली आणि बुडबुडे थांबले तर दोष टाकी ते फिल्टर यामध्ये. तरीही तसंच असेल तर फिल्टर हेड किंवा पुढे. हे करताना जवळ बिडी-सिगारेट नको आणि सांडलेलं डिझेल लगेच पुसा.

दोष कुठे सापडतो ते सांगतो. फिल्टर बदलताना जुना ओ-रिंग आतच चिकटून राहतो आणि वर नवा बसतो, किंवा नवा कोरडाच लावल्याने पिळतो, त्याला बसवताना डिझेलचं बोट लावा. चेसिसला घासून पाईपला चीर पडते, ती वरच्या बाजूला असते, हात फिरवल्याशिवाय कळत नाही. आणि बँजो बोल्टचे (डिझेलचा पाईप जोडणारा पोकळ बोल्ट) तांब्याचे वॉशर. वॉशर काढून उजेडात तिरपा धरा, चकचकीत गोलाला आडवी छेदणारी केसासारखी रेघ दिसेल, बास, तेवढ्यातून हवा जाते. तांबं एकदा दाबलं की कडक होतं, परत त्याच जागी नीट बसत नाही, म्हणून खोललेला वॉशर परत वापरायचाच नाही. एका टोमॅटोवाल्याला पंप ओव्हरहॉल करायचा सल्ला आधीच मिळालेला होता, माझ्याकडे आली तेव्हा या वॉशरवर गाडी निघाली आणि पंपाला पाना लागला नाही.

एअर काढायची पद्धत जुन्या पंपाची वेगळी. तिथे फिल्टरचा ब्लीड स्क्रू, मग पंपाचा, आणि शेवटी नोझलचा नट अर्धा पिळा सैल करून सेल्फ मारतात, डिझेल आलं की कसतात. जुन्या पंपातल्याच रोटरी प्रकाराला स्टॉपचा सोलेनॉइड (करंटने उघडणारा व्हॉल्व्ह) असतो, चावी ऑन करताना तिथे टक आवाज आला पाहिजे, नाही आला तर तिथली वायर आणि १२ व्होल्ट बघा.

कॉमन रेलमध्ये नोझलचा नट सैल करायचा नाही. हे हात जोडून सांगतो. जुन्या गाड्यांवर शिकलेले लोक सवयीने करतात. कॉमन रेलमध्ये चालू इंजिनला प्रेशर १६०० बार आणि त्याच्याही वर जाऊ शकतं, केसाएवढी धार कातडीतून आत घुसते. बाहेरून नुसता टाचणी टोचल्यासारखा ठिपका दिसतो, सुरुवातीला फार दुखतही नाही, आणि आत डिझेल पसरून बोट, हात कापायची वेळ येते. असं झालं तर तासभर बघू असं म्हणायचं नाही, लगेच मोठ्या हॉस्पिटलला जायचं आणि डॉक्टरला प्रेशरचं डिझेल आत गेलंय हे शब्द सांगायचे. कॉमन रेलची एअर फक्त हँडपंपाने किंवा चावी ऑन-ऑफ करून काढायची. आणि फिल्टर बदलताना बाहेरून डिझेल ओतून भरायचं नाही, ते गाळलेलं नसतं.

हवा, हिटर, सेन्सर

एअर फिल्टर काढून बघा, धुळीने बंद झालेला असेल तर काळा धूर येऊन उचकी देत चालू होते. उंदराने फिल्टरच्या डब्यात चिंध्या भरलेल्या पण मिळतात. पटकन होणारं काम आहे.

पांढरा धूर, फक्त थंडीत, फक्त पहाटे: हिटर प्लग (थंड इंजिनात सिलेंडर तापवणारा). निफाडकडे थंडीत पारा बराच खाली येतो तेव्हा याच्या गाड्या लागतात. चावी ऑन करून हिटरची लाईट विझेपर्यंत थांबा, बरेच ड्रायव्हर थांबतच नाहीत. मग हिटरचा फ्यूज आणि रिले, मग प्लगचा रेझिस्टन्स, चांगला प्लग साधारण एक ओहमच्या आसपास किंवा त्याहून कमी दाखवतो, खराब झालेला ओपन दाखवतो. प्लग काढून थेट बॅटरीला लावून लाल होतो का बघायची जुनी सवय आहे, पण नव्या काही गाड्यांत कमी व्होल्टेजचे प्लग असतात, १२ व्होल्ट दिले की जळतात. आणि मे महिन्यात गाडी चालू होत नसेल तर हिटरच्या नादी लागू नका.

स्टार्टिंग स्प्रे किंवा पेट्रोलचा बोळा एअर पाईपला धरायचा प्रकार बंद करा. गरम हिटरवर तो अवेळी पेटतो, पिस्टनची रिंग तुटते, तोंडावर भडका येतो.

धूर नाही, डिझेल आहे, एअर नाही, तर आरपीएमच्या काट्याकडे बघा. सेल्फ मारताना काटा थोडा उचलला पाहिजे. बऱ्याच गाड्यांत अजिबात हलला नाही तर क्रँक सेन्सरवर संशय घ्या, इंजिन फिरतंय हेच ईसीएमला कळत नाही म्हणून तो डिझेल सोडत नाही. कनेक्टर काढून त्यात ऑईल-पाणी आहे का बघा, सेन्सर काढून टोकावर चिकटलेली लोखंडाची भुकटी पुसा. गाडी तापली की बंद, अर्ध्या तासाने थंड झाली की चालू, हे या सेन्सरचं ठरलेलं लक्षण. जुन्या रोटरी पंपाच्या गाडीत तेच लक्षण असेल तर पंपावर ओला फडका ठेवून बघा, त्याने चालू झाली तर पंप आतून झिजलाय, गरम डिझेल पातळ होऊन आतल्या आत गळतं. पाणी ओतू नका, फडकाच.

इथून पुढे तुमचं काम नाही

एवढं करून झालं नाही तर स्कॅनर लागतो. बहुतेक कॉमन रेल गाड्यांत रेलमध्ये साधारण २०० ते २५० बार झाल्याशिवाय ईसीएम इंजेक्टर उघडतच नाही. स्कॅनरवर सेल्फ मारताना तेवढं प्रेशर येत नसेल तर पंप, पंपावरचा कंट्रोल व्हॉल्व्ह किंवा गळणारा इंजेक्टर. इथे पंपवाल्याला एक गोष्ट आवर्जून विचारा, रिटर्न बघितलं का? म्हणजे प्रत्येक इंजेक्टरच्या रिटर्नला सारखी बाटली लावून सेल्फ मारतात, ज्याची बाटली इतरांपेक्षा फार भरते तो इंजेक्टर प्रेशर खातोय. चार बाटल्यांची ही परीक्षा न करता पंप बदला म्हणणाऱ्याकडे गाडी सोडू नका. प्रेशर येतंय, इंजेक्टर उघडतायत आणि तरी पांढरा धूर, तर कॉम्प्रेशन गेजची (सिलेंडरमधला हवेचा दाब मोजायचं) पाळी, आणि मग हेड-पिस्टन.

काही वेळा तर सुरुवातीलाच हात वर करायचे. पुराच्या पाण्यातून काढलेली गाडी किंवा पाण्यात बंद पडलेली गाडी: सेल्फ अजिबात मारू नका, पाणी दाबलं जात नाही, कनेक्टिंग रॉड वाकतो. आधी एअर फिल्टर उघडून आत ओल आहे का बघा आणि टो करा. ऑईलची काडी काढून बघितली आणि लेव्हल वाढलेली, डिझेलचा वास: चालू करू नका, ऑईल पातळ झालंय, बेअरिंग जातील. इंजिन पूर्ण जाम: पुलीला पाना लावून जोर करू नका. वायर जळल्याचा वास: बॅटरीचा निगेटिव्ह काढून बाजूला व्हा.

धक्का मारून चालू करणं जुन्या पंपाच्या गाडीला चालतं. कॉमन रेलला बॅटरी पूर्ण उतरली असेल तर उपयोग नाही, ईसीएम जागाच होत नाही, आणि बीएस-६ ला वारंवार ढकललं तर न जळलेलं डिझेल सायलेन्सरमधल्या फिल्टर-कॅटलिस्टमध्ये साठतं. भरलेली गाडी कसारा घाटात तर ढकलायचीच नाही, इंजिन बंद असताना ब्रेकचा बूस्टर काम करत नाही, पेडल दगडासारखं होतं. नॅशनल हायवेला असाल तर १०३३ ला फोन करा, त्रिकोण मागे बऱ्याच अंतरावर ठेवा, टायरला दगड लावा.

आणि मिस्त्रीला फोन करताना नुसतं चालू होत नाही असं सांगू नका. इंजिन फिरतंय का, जोरात की हळू, धूर आहे का आणि कुठल्या रंगाचा, थंड असताना होतं की तापल्यावर, मीटरवर कुठली लाईट पेटलेली राहते, डिझेल शेवटचं कुठे भरलं, फिल्टर कधी आणि कुणी बदलला, ट्रॅकर लावलाय का, आणि तुम्ही स्वतः काय काय खोललंय ते सगळं. सेल्फ मारतानाचा व्हिडिओ आवाजासकट पाठवा, एक शॉट मीटरचा आणि एक सायलेन्सरचा, म्हणजे येणारा माणूस बॅटरी घेऊन यायचं की फिल्टर-वॉशर की स्कॅनर हे ठरवूनच घरातून निघेल.